दोन कुलुपे, एक जुडगा

आपल्या कचेऱ्यांतून, पतसंस्थांतून आणि कॉलेजांच्या कार्यालयांतून हल्ली एक तक्रार वारंवार कानी येते. संगणकावर कामाला बसायचे म्हटले की आधी पासवर्ड द्या, मग मोबाईलवर आलेला आकडा द्या, आणि काही ठिकाणी त्यावर बोटही टेकवा. "आम्ही काय चोर आहोत?" असे ज्येष्ठ मंडळी विचारतात. तरुण मंडळी काही विचारत नाहीत. ती पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवतात आणि कामाला लागतात. या दोन्ही पक्षांशी माझे भांडण आहे. पण त्याहून मोठे भांडण आहे ते ही व्यवस्था बसवणाऱ्यांशी. त्यांनी दाराला दोन कुलुपे लावली खरी, पण पुष्कळ ठिकाणी दोन्हींच्या किल्ल्या एकाच जुडग्यात ओवून ठेवल्या आणि तो जुडगा कोणाच्या कमरेला आहे याची चौकशी केली नाही.

विषय तांत्रिक वाटतो, तथापि त्याचे मूळ संगणकाच्या फार आधीचे आहे. आलेला माणूस खरोखर तोच आहे हे कसे ओळखायचे, एवढाच तो प्रश्न. वाल्मीकींच्या सुंदरकांडात हनुमान अशोकवनात सीतेपुढे येतो तेव्हा तिला शंका येते ती हीच, की हा रूप पालटून आलेला रावण तर नव्हे? शंका रास्त आहे. एकदा भिक्षेकऱ्याच्या वेषाला ती फसलेली आहे. हनुमान रामाची अंगलक्षणे सांगतो, घडलेली हकिगत सांगतो आणि रामाची अंगठी पुढे करतो. तो परत निघताना सीता त्याला चूडामणी देते, पण नुसता मणी देऊन ती थांबत नाही. चित्रकूटावरच्या कावळ्याची, त्या दोघांपुरती असलेली गोष्टही खूण म्हणून सांगते. मणी वाटेत चोरीला जाऊ शकतो. गोष्ट कोणी आडून ऐकू शकतो. परंतु मणी हाती असलेला आणि गोष्टही ठाऊक असलेला माणूस परका असण्याचा संभव फारच थोडा. संगणकशास्त्रात ज्याला बहुघटक पडताळणी म्हणतात तिचे सार यात आले आहे. (आमच्या कन्नड विभागातील मित्रांच्या भाषेत खुणेला आणि ओळखीला 'गुरुतु' हा एकच शब्द चालतो. मराठीतही आपण 'ओळख पटली' आणि 'खूण पटली' हे जवळजवळ एकाच अर्थाने म्हणतो.)

या पुराव्यांच्या तीन जाती मानल्या आहेत. एक, जे आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे पासवर्ड किंवा पिन. दुसरी, जे आपल्याजवळ आहे. म्हणजे मोबाईल, कार्ड, किल्ली. तिसरी, जे आपल्या अंगचे आहे. म्हणजे बोटाचा ठसा, चेहरा, डोळ्याचे बुबुळ. दोन पुरावे घ्यायचे तर ते दोन वेगवेगळ्या जातींचे घ्यावेत, हा या शास्त्राचा मुख्य नियम आणि तोच आपल्याकडे सर्वांत जास्त मोडला जातो. पासवर्ड विचारला आणि मग 'आईचे माहेरचे आडनाव सांगा' असे विचारले, तर पुरावे दोन झाले असे दिसते. पण दोन्ही एकाच जातीचे, म्हणजे ठाऊक असण्याचे आहेत. शिवाय आपल्या गावांत आईचे माहेरचे आडनाव ही काय गुप्त गोष्ट आहे? लग्नपत्रिकेवर मामांची नावे आडनावांसकट छापून आपण ती पाचशे घरी वाटतो!

पासवर्डाचा इतिहास पाहिला तर त्याच्यावर एकट्यावर भिस्त ठेवणे किती धोक्याचे आहे हे त्याच्या जन्मापासूनच दिसून आले होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांच्या नेतृत्वाखाली १९६१ साली एकच संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची व्यवस्था उभी राहिली आणि प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून तिच्यात पासवर्ड आले. पुढच्याच वर्षी ॲलन शेर या तेथील संशोधक विद्यार्थ्याने, आपल्या वाट्याचे संगणकाचे तास पुरेनात म्हणून, पासवर्डांची फाईलच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम केले. संगणकाच्या जगातली ही पहिल्या काही पासवर्ड-चोऱ्यांपैकी एक, आणि ती केली एका अभ्यासू विद्यार्थ्याने, अभ्यासासाठी. विद्यार्थी वाचकांनी यातून भलता अर्थ काढू नये.

पासवर्ड अवघड केला की प्रश्न सुटतो, असा एक भ्रम आहे. मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी सुमारे ४५ टक्के वाहून नेणारी कोलोनियल पाईपलाईन काही दिवस बंद पडली. खंडणीखोर आत शिरले ते दूरस्थ प्रवेशाच्या एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्यातून. कंपनीच्या प्रमुखांनी अमेरिकी सिनेटपुढे साक्ष देताना सांगितले की पासवर्ड सोपा नव्हता, चांगला गुंतागुंतीचा होता. पण त्या खात्याला दुसरा पुरावा लागत नव्हता. खंडणीपोटी ७५ बिटकॉईन, म्हणजे त्या वेळचे सुमारे ४४ लाख डॉलर, मोजावे लागले. पासवर्ड कितीही लांबलचक असला तरी तो एकदा दुसऱ्याच्या हाती पडला की त्याची लांबी कामास येत नाही. दर महिन्याला पासवर्ड बदलण्याची सक्ती करूनही फारसे साधत नाही. 'गणेश१' चा 'गणेश२' होतो, इतकेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेने, निस्ट असे तिचे लघुनाव आहे, २०१७ सालच्या आपल्या मार्गदर्शिकेत ही ठराविक मुदतीची सक्ती नको असे स्पष्ट म्हटले. आपल्याकडे अजून पुष्कळ ठिकाणी ती चालू आहे.

गंमत अशी की दोन जातींचे पुरावे देण्याची सवय आपल्या लोकांना केव्हाच लागली आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाने ऑनलाईन पैसे देताना एक जादा पुरावा सक्तीचा केला. आज खडेबाजारात कापड घेऊन आपण यूपीआयने दोन हजार रुपये देतो तेव्हा काय होते? खाते आपल्या सिमशी आणि आपल्या त्याच फोनशी बांधलेले असते, ही जवळची वस्तू. आणि पिन आपण बोटाने टिपतो, ही ठाऊक असलेली गोष्ट. दुसऱ्याच्या फोनवर आपला पिन चालत नाही आणि आपला फोन चोराला पिनाशिवाय उपयोगाचा नाही. कापडवाल्याला दोन हजार देताना इतकी काळजी घेणारा माणूस कचेरीत येऊन बसला की चारशे विद्यार्थ्यांच्या गुणांचे खाते एका पासवर्डावर उघडतो, आणि तो पासवर्ड निम्म्या कचेरीला पाठ असतो. हे मला विलक्षण वाटते.

आता जुडग्याकडे वळतो. मोबाईलवर येणारा ओटीपी हा 'जवळ असलेल्या वस्तूचा' पुरावा समजला जातो. पण पुष्कळ ठिकाणी मी असे पाहिले आहे की सर्वांचे ओटीपी कार्यालयाच्या एका सामाईक मोबाईलवर येतात, तो मोबाईल हेडक्लार्कच्या टेबलावर पडलेला असतो आणि आकडा मोठ्याने वाचून खोलीभर ऐकवला जातो. मग तो कोणाजवळची वस्तू म्हणायचा? दुसरा प्रकार असा की पासवर्ड फोनमध्येच साठवलेला, ओटीपीही त्याच फोनवर येणारा आणि फोनला कुलूप नाही. फोन गेला की दोन्ही किल्ल्या गेल्या. शिवाय एसएमएसचा रस्ता मुळातच कच्चा आहे. ठग दुसऱ्याच्या नावाने नवे सिम काढतात आणि आकडा त्यांच्याकडे जाऊ लागतो. निस्टने २०१७ मध्ये एसएमएसच्या आकड्याला म्हणूनच मर्यादित विश्वासाच्या वर्गात टाकले. त्याहून बरा प्रकार म्हणजे फोनमधल्या ॲपने तयार केलेला आकडा. त्यात फोन आणि सर्व्हर यांच्यात एक गुप्त संख्या आधीच वाटून ठेवलेली असते. तिची आणि घड्याळातल्या वेळेची सांगड घालून दोन्हीकडे साधारणपणे दर तीस सेकंदांनी तोच सहा अंकी आकडा तयार होतो. याला रेंज लागत नाही. खानापूर तालुक्यात कणकुंबीकडे नोकरी करणाऱ्या मंडळींना या एका गुणाचे मोल कळेल.

परंतु आकडा कसाही आलेला असो, तो माणसाने वाचून टाईप करायचा असतो; आणि जे टाईप करता येते ते खोट्या जागीही टाईप करता येते. याविषयी २०२२ साली एक प्रयोगच घडून आला, कोणी न ठरवता. जुलैमध्ये क्लाउडफ्लेअर या अमेरिकी कंपनीच्या किमान ७६ कर्मचाऱ्यांना एका मिनिटाच्या आत एसएमएस आले. मजकूर साधा होता, कामाच्या वेळापत्रकाविषयीचा, आणि दुवा कंपनीच्या पानासारख्याच दिसणाऱ्या खोट्या पानाचा. ते पान आधी पासवर्ड मागे, मग आकडा मागे, आणि टाईप केलेले सर्व त्याच क्षणी चोरांकडे पोहोचवी. तीस सेकंदांचा आकडा तीस सेकंदांच्या आत वापरून टाकायचा, अशी ती युक्ती. क्लाउडफ्लेअरमधल्या तिघांनी आपला पासवर्ड त्या पानावर खरोखर टाईप केला. त्याच सुमारास तशाच सापळ्यात ट्विलिओ ही दुसरी कंपनी सापडली; तिथे मात्र चोर आतपर्यंत पोहोचले आणि काही ग्राहकांची माहिती त्यांच्या हाती लागली.

दोन्हीकडे माणसे फसली. मग फरक कशाने पडला? क्लाउडफ्लेअरमध्ये प्रत्येक कर्मचाऱ्याकडे एक छोटी किल्ली होती, संगणकाच्या खाचेत घालायची. या किल्लीत आकडा नसतो. प्रत्येक संकेतस्थळासाठी तिच्यात एक वेगळी गुप्त संख्या असते आणि ती किल्लीबाहेर कधीच येत नाही. संकेतस्थळ एक प्रश्न पाठवते, किल्ली त्यावर आपली गणिती सही करून देते. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की आपण कोणत्या पत्त्यावर आहोत हे किल्लीला माणूस सांगत नाही, ब्राउझर सांगतो. पान हुबेहूब असेल, रंग तेच, बोधचिन्ह तेच. पण पत्त्यात एक अक्षर वेगळे असेल तर खऱ्या पत्त्याची सही तिथे उमटत नाही. माणूस फसला तरी किल्ली फसत नाही. गूगलने २०१७ च्या सुरुवातीपासून आपल्या ८५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या सक्तीच्या केल्या आणि २०१८ च्या जुलैमध्ये सांगितले की तेव्हापासून खोट्या पानाच्या मार्गाने एकाही कर्मचाऱ्याचे खाते गेल्याचे आढळलेले नाही. हल्ली फोनमध्ये मिळणारी 'पासकी' ही याच किल्लीची बहीण.

याच्या उलट टोकाला एक सोय आहे, आणि ती दिसायला सर्वांत सोपी. फोनवर नुसता प्रश्न येतो : 'तुम्हीच आत येत आहात काय?' आणि आपण 'होय' दाबायचे. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीसाठी कंत्राटावर काम करणाऱ्या एकाचा पासवर्ड चोराच्या हाती होता. चोर पुन्हा पुन्हा प्रयत्न करी आणि त्या माणसाच्या फोनवर प्रश्नामागून प्रश्न येत. कधीतरी त्याने एकदा 'होय' दाबले. त्याला दोष देणे सोपे आहे. पण एकाच प्रश्नाने सारखे भंडावून सोडले तर आपल्यापैकी कितीजण कंटाळून होय म्हणणार नाहीत? मायक्रोसॉफ्टने मे २०२३ पासून आपल्या अशा प्रश्नाबरोबर पडद्यावरचा आकडा फोनवर टिपणे सर्वांना सक्तीचे केले ते याच अनुभवातून.

तिसऱ्या जातीच्या पुराव्याविषयी आपल्याकडे फार आदर आहे. 'थंब लावला' म्हणजे काम पक्के, अशी भावना. बोट विसरत नाही आणि घरी राहत नाही हे खरे. पण बोटाचा ठसा गुप्तही नसतो. पाण्याच्या ग्लासवर, दाराच्या मुठीवर, चहाच्या कपावर आपण तो दिवसभर वाटत असतो. सप्टेंबर २०१३ मध्ये ॲपलने बोट ओळखणारा फोन बाजारात आणला आणि थोड्याच दिवसांत जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लबने काचेवरच्या ठशाचे छायाचित्र घेऊन बनवलेल्या नकली बोटाने तो उघडून दाखवला. आपल्या कर्नाटकातही खरेदीखतांवरचे ठसे उचलून आधारच्या मार्गाने लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे २०२३ मध्ये नोंदले गेले. पासवर्ड गेला तर नवा घेता येतो. ठसा गेला तर? अमेरिकेच्या केंद्रीय कर्मचारी कार्यालयातून ५६ लाख लोकांचे ठसे चोरीस गेल्याचे २०१५ मध्ये उघड झाले. त्या ५६ लाखांना नवी बोटे कोण देणार? आणखी एक गोष्ट. सिमेंटचे, शेतीचे, धुण्याभांड्यांचे काम करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. यंत्र प्राध्यापकाला लगेच ओळखते आणि सफाई कामगाराला चार वेळा बोट पुसायला लावते. माझ्या मते बोटाचा उपयोग आपल्याच फोनातली किंवा किल्लीतली कळ उघडण्यापुरता असावा, म्हणजे ठसा त्या वस्तूबाहेर पडतच नाही. सगळ्यांचे ठसे एका कपाटात गोळा करून ठेवणाऱ्या व्यवस्थेला मी राजीखुशीने बोट देणार नाही.

असो. तंत्राविषयी इतके पुरे. मला जे खरे म्हणायचे आहे ते माणसांविषयी आहे.

शिकवायला येण्यापूर्वी काही वर्षे मी सहकारी संस्थांच्या हिशेबतपासणीच्या कामात मदतनीस होतो. एका सोसायटीत (नाव सांगण्याचे कारण नाही) पिग्मीचा भरणा आणि लहान रकमांची उचल एक तरुण बाई संगणकावर चढवीत आणि अधिकारी ती पास करीत. निदान नियम तसा होता. प्रत्यक्षात अधिकारी आपल्या खुर्चीवरून म्हणत, "माझाच पासवर्ड टाका हो, आणि पास करून टाका." बाई जेवायला गेल्या की त्यांच्या जागी दुसरे कोणी बसून त्यांच्या नावाने काम पुढे चालवी. सर्वांचे पासवर्ड कॅलेंडरच्या पाठीवर एकाखाली एक लिहिलेले. तिजोरीला मात्र दोन किल्ल्या होत्या, एक कॅशियरकडे आणि एक व्यवस्थापकांकडे, आणि त्या दोघांनी एकमेकांना कधी दिल्याचे मी पाहिले नाही. लोखंडी दाराचा धर्म सर्वांना कळत होता, काचेच्या पडद्याचा नव्हता.

मी सेक्रेटरींकडे विषय काढला तेव्हा ते हसून म्हणाले, "अहो, सगळी घरचीच माणसं. घरात कोणी घरच्यांना कुलूप लावतं काय?"

मी म्हटले, "लावतात की, साहेब. दागिन्यांच्या कपाटात चोरकप्पा असतो तो घरातच असतो."

ते पुन्हा हसले आणि त्यांनी चहा मागवला.

पुढे एका वृद्ध गृहस्थांच्या, वर्षानुवर्षे व्यवहार नसलेल्या खात्यातून तीन वेळा मिळून अडतीस हजार रुपये उचलले गेल्याचे आढळले. तिन्ही नोंदी त्या बाईंच्या नावाने होत्या. पास झाल्याची नोंद अधिकाऱ्यांच्या नावाने होती. पण अधिकारी मोठे आणि त्यांचा पासवर्ड बाईंना ठाऊक असल्याचे सर्वांना ठाऊक. त्यामुळे दोन्ही नोंदी बाईंच्याच खात्यावर पडल्या. चार महिने त्या घरी बसून होत्या. त्यांची सुटका झाली ती संगणकामुळे नव्हे. तीनपैकी एका दिवशी त्या बहिणीच्या घरच्या वास्तुशांतीला गेल्या होत्या आणि हजेरीच्या जुन्या वहीत त्या दिवसापुढे शाईने रजा मांडलेली होती. ती वही सापडली नसती तर? पैसे कोणी उचलले हे शेवटपर्यंत ठरले नाही. 'घरची माणसे' हा शब्द त्या चार महिन्यांत मात्र कोणी उच्चारला नाही.

दुसरा पुरावा मागणे म्हणजे अविश्वास, हे मला म्हणून पटत नाही. लॉगिन ही सही आहे. कोऱ्या कागदावर सह्या करून त्या टेबलावर ठेवून जेवायला जाणाऱ्याला आपण विश्वासू म्हणत नाही, बेसावध म्हणतो. आणि आपल्या हाताखालच्याकडून तशा सह्या करवून घेणाऱ्याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे. पासवर्ड वाटून घेण्याची रीत वरून खाली येते, पण चौकशी लागली की तिचा भार खालच्यावर पडतो. हंगामी कारकून, तासिका तत्त्वावरचा व्याख्याता, कंत्राटी ऑपरेटर यांना 'पासवर्ड देणार नाही' असे वरिष्ठांना सांगणे जमत नाही. किल्ली असेल तर ते सांगावे लागत नाही. किल्ली आपल्या खिशात घरी गेलेली असते.

किल्लीही उसनी देता येते, असा आक्षेप कोणी घेईल. देता येते. परंतु पासवर्ड उसना दिला तर तो दोघांकडेही राहतो आणि दिल्याची खूण उरत नाही. किल्ली दिली तर ती आपल्याकडे नसते आणि संध्याकाळपर्यंत तिची उणीव भासतेच. शिवाय पासवर्ड किंवा आकडा फोनवर तोंडी सांगता येतो. किल्ली तोंडी सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. एका किल्लीला काही हजार रुपये पडतात, आणि हरवण्याच्या भीतीने प्रत्येकाला दोन द्याव्या लागतात. म्हणून संस्था सोपा मार्ग काढतात : कर्मचाऱ्याचा स्वतःचा फोन, स्वतःचे रिचार्ज आणि त्यात संस्थेचे ॲप. ज्याच्याकडे साधा बटणांचा फोन आहे त्याने काय करायचे? तिजोरीची किल्ली कॅशियरने पदरच्या पैशाने करून आणावी असे आपण कधी म्हटलेले नाही. ज्याचे दार, त्याने कुलूप घ्यावे. सर्वांना एकदम देणे जमत नसेल तर ज्या खात्यांतून पैसे हलतात, गुण बदलतात किंवा दाखले निघतात तेवढ्यांना आधी द्यावे. मोठ्या संस्थांतही ती खाती बोटांवर मोजण्याइतकी असतात.

तिसरी अडचण किल्ली हरवण्याची. हिचा विचार आधी कोणी करत नाही. कालिदासाच्या शकुंतलेकडे एकच खूण होती, दुष्यंताची अंगठी. ती शचीतीर्थाच्या पाण्यात पडली आणि भर दरबारात तिला ओळख नाकारली गेली. बिचारी खरी होती. पण खरी असल्याचा दुसरा पुरावा तिच्याकडे नव्हता आणि कोळ्याला मासा सापडेपर्यंत थांबण्याखेरीज इलाज राहिला नाही. म्हणून जादा किल्ली हवीच. पण इथे दुसऱ्या बाजूचाही धोका आहे. 'माझी किल्ली हरवली, मला आत घ्या' असे म्हणणारी प्रत्येक व्यक्ती शकुंतला नसते. ब्रिटनमधील मार्क्स अँड स्पेन्सर या मोठ्या दुकानदारी कंपनीवर एप्रिल २०२५ मध्ये हल्ला झाला. कोणीतरी दुसऱ्याचे सोंग घेऊन, एका त्रयस्थ संस्थेच्या वाटेने आत प्रवेश मिळवला, असे कंपनीच्या अध्यक्षांनी जुलैमध्ये संसदेच्या समितीपुढे सांगितले. नफ्याला सुमारे ३० कोटी पौंडांचा फटका बसेल असा कंपनीचा अंदाज होता. पुढच्या दाराला दोन कुलुपे आणि मागच्या दारी 'मी साहेब बोलतोय' एवढ्यावर उघडणारी कडी, अशी स्थिती असली तर पुढच्या कुलुपांचे पैसे वाया गेले म्हणायचे. हरवलेली किल्ली बदलून देताना माणसाने समोर यावे, ओळखपत्र दाखवावे आणि त्याला ओळखणाऱ्या दुसऱ्या एका सहकाऱ्याने वहीत सही करावी. मोठ्या कंपन्यांना हे अवघड जाते. त्यांची माणसे चार देशांत पसरलेली. आपले कार्यालय एका जिन्याखाली आहे. आपल्याला हे फार सोपे आहे.

आमच्या कार्यालयाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा पहिली सूचना आली ती 'आधी शिपाई आणि हंगामी कारकून यांच्यापासून सुरू करू, मग वर जाऊ' अशी. मी तिला विरोध केला आणि इथेही करतो. सर्वांत जास्त अधिकार ज्या खात्याला, त्या खात्याला पहिली किल्ली. म्हणजे प्राचार्य, मग परीक्षा विभाग, मग लेखा विभाग. वरच्या माणसाच्या गळ्यात किल्ली लटकताना दिसली की खालच्याला 'आम्ही काय चोर आहोत?' असे विचारावेसे वाटणार नाही, आणि 'माझाच पासवर्ड टाका हो' म्हणण्याची सोयही वरच्याला उरणार नाही. पुढच्या सत्राचे अंतर्गत गुण भरायला सुरुवात होण्यापूर्वी एवढी तीन खाती तरी व्हावीत, असे मी लेखी दिले आहे. किल्ल्यांच्या नोंदीची वही कोणाच्या टेबलावर राहील यावर मात्र बैठकीत एकमत झालेले नाही.